आधी मोजूया, भांडू मग

५ जूनला, पर्यावरण दिनाला, ठाण्यात रोपं फुकट मिळतात, खड्डे मिळत नाहीत. म्हणजे रस्त्यात आहेत भरपूर, तो विषय वेगळा, पण ज्या खड्ड्यात पुढच्या मे महिन्यापर्यंत कोणीतरी पाणी घालणार आहे असा खड्डा मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडला अशाच एका वृक्षारोपणाला गेले होते. बॅनर होता, हिरव्या टोप्या होत्या, वडापाव होता, पाहुणे पाऊण तास उशिरा आले, मग एका रोपाला सात जणांनी हात लावला आणि फोटो झाला. दिवाळीनंतर मुद्दाम वाकडी वाट करून बघायला गेले तर रोपांपेक्षा त्यांच्या आधाराला ठोकलेले बांबूच जास्त टिकले होते. एका बांबूला तर पालवी फुटली होती, खोटं नाही सांगत.

यावर नेहमीचं वाक्य म्हणजे लोकांना काही पडलेलीच नाही. मला हे अजिबात पटत नाही. त्या दिवशी रविवार होता, सकाळी आठला दीडेकशे माणसं आली होती, पोरंटोरं, रिटायर्ड बँकवाले, कॉलेजची मुलं एनएसएसचे तास भरायला का होईना पण आलीच होती ना. ठाणेकर कशालाही येतो, दिवाळी पहाटला तलावपाळीवर पाय ठेवायला जागा नसते. माणसं येतात हो. आपण त्यांना बोलावतो ते फोटोत उभं राहायला बोलावतो, मग फोटो झाल्यावर माणूस घरी जाणार नाही तर काय करणार.

माझं म्हणणं असं की निसर्ग वाचवायला लोक एकत्र यायला हवे असतील तर त्यांना मोजायला बोलवा. आपल्या भागात काय आहे, किती आहे, कधी दिसतं, पूर्वी किती होतं. शपथ नको, घोषणा नको, रोपसुद्धा नको. कारण आपल्याकडे लोकसहभाग म्हटला की आधी सगळ्यांचं एकमत व्हायला पाहिजे असं धरून चालतात, आणि एकमत कुठे होतं सांगा? आमच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावर आठ महिने झालं नाही. मोजायला एकमत लागत नाही. ज्याला झाड तोडायचंय तोही मोजू शकतो आणि ज्याला राखायचंय तोही, आणि दोघांचा आकडा जवळपास सारखाच येतो, निदान यायला पाहिजे.

हे मला सुचलं ते आमच्या इथल्या उंबरावरून. कंपाउंडच्या मागच्या बाजूला जुना उंबर आहे, फळं पिकली की संध्याकाळी मोठी वटवाघळं येतात, खालच्या गाड्यांवर जे काय पडतं ते तुम्हाला माहीत आहे. वटवाघळांकडून पसरणाऱ्या निपाह विषाणूच्या बातम्या आल्या तेव्हा ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे झाड तोडा, मुलांना काही झालं तर कोण जबाबदार, दुसरी म्हणे तुम्ही माणसं आहात का कसाई. रात्री बारा वाजेपर्यंत मेसेज. दोन जणांनी ग्रुप सोडला, एकाला सेक्रेटरीने काढला, परत घेतला. शेवटी चौथ्या मजल्यावरचे आजोबा, शाळेत गणित शिकवायचे, ते म्हणाले अरे पण येतात किती आणि येतात कधी ते तरी कोणाला माहितीये का. कोणालाच माहीत नव्हतं. मग सातच्या सुमारास गच्चीवर अर्धा तास बसायचं असं ठरलं, पाळीपाळीने, वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात तीन जण होते. नंतर बारा-तेरा यायला लागले, त्यात तोडा पार्टीचे जास्त, कारण त्यांना सिद्ध करायचं होतं की खूप येतात.

आणि आकडे काय आले तर पिकलेली फळं आहेत तेवढेच दहा-बारा दिवस गर्दी, एरवी एखाददुसरं, कधी शून्य. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा तसंच झालं. म्हणजे प्रश्न वर्षभराचा नव्हताच, वर्षातल्या काही आठवड्यांचा होता, तेवढ्या दिवसांत त्या चार गाड्या पुढच्या गेटला लावल्या की मिटलं. मिटलं म्हणजे काय, तोडा पार्टी अजून आहे, मध्येच एखादा मेसेज येतो. पण उंबर पण आहे. आणि गंमत म्हणजे गच्चीवर बसायला लागल्यापासून पाण्याच्या टाकीमागे राहणारी गव्हाणी घुबडाची जोडी सापडली, ती इतकी वर्षं आमच्या डोक्यावर राहत होती आणि आम्हाला पत्ता नाही. आता ती जोडी 'आपली' झाली आहे, तोडा पार्टीची पण. लहान मुलं शाळेत सांगतात आमच्याकडे घुबड आहे.

हे सगळं म्हणजे मी काही नवीन शोध लावलेला नाही. आपल्या देशात यासाठी चक्क कायदा आहे. २००२ चा जैविक विविधता कायदा, त्याचं कलम ४१, प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने, महापालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची. २००४ च्या नियमांत होतं की एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा माणसं, त्यात किमान एक तृतीयांश बायका, १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे. आणि या समितीचं मुख्य काम काय, तर लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची. कोणत्या वनस्पती, कोणते प्राणी, कोणते मासे, कोणतं बियाणं, औषधाला काय वापरतात, कोणाला त्याची माहिती आहे. नव्वदच्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी ही नोंदवहीची कल्पना गावोगाव करून बघितली होती, नंतर ती कायद्यात आली. किती साधी आणि किती मोठी गोष्ट आहे बघा, सरकार म्हणतंय की तुमच्याकडे काय आहे ते तुम्हीच लिहा.

झालं काय तर बरीच वर्षं कोणी लिहिलंच नाही. मग प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाकडे गेलं, लवादाने मुदत दिली ३१ जानेवारी २०२०, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील. दंड म्हटल्यावर सगळे धावले. आज देशभरात अडीच लाखांच्या वर समित्या आहेत. कागदावर एवढं मोठं जाळं जगात क्वचित कुठे असेल. आता एक काम करा, तुमच्या शहराच्या समितीत कोण आहे ते शेजारच्याला विचारा. मी आमच्या मजल्यावर विचारलं, एकाला वाटलं मी गार्डन कमिटीबद्दल बोलतेय.

घाईत भरलेली एक नोंदवही माझ्या हातात आली होती, कुठली ते सांगत नाही कारण तिथल्या माणसाने विश्वासाने दाखवली. एकच झाड दोन नावांनी दोनदा. माशांच्या पानावर नुसती नावं, कधी मिळतो, कुठे मिळतो, आता मिळतो का, काही नाही. आणि 'माहिती देणारी व्यक्ती' हा रकाना सगळा रिकामा. बाहेरच्या माणसाने ऑफिसात बसून भरली असणार, त्याला तरी काय दोष द्यायचा, त्याला पानामागे पैसे होते. पण त्या नोंदवहीचा जीव त्या रिकाम्या रकान्यात होता.

कारण माहिती कोणाकडे आहे? माझ्याकडे नाही. जूनच्या सुरुवातीला जांभळी नाक्याला जा, मार्केटच्या कडेला आदिवासी बायका बसलेल्या असतात शेवळं घेऊन. शेवळं म्हणजे पहिल्या पावसाच्या आगेमागे जंगलात जमिनीतून वर येणारे कोंब, जांभळट तपकिरी, बोटाएवढे जाड. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा मावशीने जुडी हातात दिली आणि सोबत हिरव्या बोरासारखी आंबट फळं टाकली. म्हटलं ही नकोत. तर म्हणाल्या, "ताई, काकडं नाय घातलीस तर घसा खाजंल, मग मला शिव्या देशील." मग आतला पिवळा भाग कसा काढून टाकायचा, चिंच चालते पण काकडं बरी, सगळं सांगितलं, मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं. मी सहज विचारलं आता कमी मिळतात का, तर त्यांनी कुठल्या डोंगराला अजून आहेत, कुठे प्लॉट पाडले तिथली गेली, कंद ठेवून वरचाच कोंब खुडायचा म्हणजे पुढच्या वर्षी येतो पण आता काही जण कंदासकट उपटतात, असं भराभर सांगितलं. पाच मिनिटांत. त्या नोंदवहीच्या वीस पानांत नव्हतं तेवढं. काकडाचं झाड तोडलं की शेवळाची भाजी पण गेली, हे नातं मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. पुढच्या महिन्यात याच बायका टाकळा, कंटोळी, कुर्डू घेऊन येतात, आणि आपण त्यांच्याशी दहा रुपयांवरून घासाघीस करतो.

आता शहरातले आम्ही लोक मोजत नाही असं नाही. नोंदी टाकायला पक्ष्यांसाठी ईबर्ड अ‍ॅप आहे, बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट आहे, एप्रिल-मेमध्ये शहराशहरांत सिटी नेचर चॅलेंज असतं, फेब्रुवारीत चार दिवस पक्षी मोजतात. मी पण करते, मजा येते, ओवळेकर वाडीला फुलपाखरांचे फोटो काढून टाकले आहेत, ब्लू मॉरमॉन दिसलं की अजून पोटात गुदगुल्या होतात. पण त्या अ‍ॅपचा नकाशा उघडून बघा. आमच्या टॉवरभोवती ठिपकेच ठिपके, येऊरच्या जंगलाच्या गेटजवळ ठिपके, आणि पाडे आणि कोळीवाडे जिथे खरी माहिती आहे तिथे मला तरी पांढरं दिसलं. म्हणजे मोबाईल कोणाकडे आहे त्याचा तो नकाशा झाला. नकाशा बघणाऱ्याला वाटणार निसर्ग टॉवरखालीच आहे.

खाडीचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि इथेच गंमत आहे, कारण इथे एकच गोष्ट मोजली तर फसायला होतं. ठाणे खाडीचा पश्चिम किनारा २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला, १,६९० हेक्टर, २०२२ ला रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, झालं. नवी मुंबईने तर स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेतलं, चौकाचौकात गुलाबी पुतळे. बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, २०२२ मध्ये काही फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले, त्यातले पक्षी इथून गुजरातला गेल्याचं दिसलं, म्हणजे हे पाहुणे दोन राज्यांचे आहेत. सगळं छान. आपण सगळे फ्लेमिंगो मोजतो आणि गुलाबी रंग वाढला की खाडी सुधारली असं समजतो.

ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी एका कोळी काकांशी बोलणं झालं. मी दुर्बीण लावून उभी होते तर ते मागून म्हणाले, "काय मोजतेस गो बाय?" म्हटलं फ्लेमिंगो. तर हसले. म्हणाले हे आमच्या बापाच्या वेळी नव्हते एवढे, तेव्हा जिताडा मासा होता. आणि खरंच आहे, मोठ्या संख्येने फ्लेमिंगो यायला लागले ते नव्वदच्या दशकापासून. यातली 'लहान फ्लेमिंगो' नावाची जात शेवाळ खाते, आणि अभ्यासक सांगतात की खाडीत येणाऱ्या सांडपाण्याने ते शेवाळ पोसलं जातं. म्हणजे ज्या घाणीने काकांचा जिताडा आणि बोय पळवला त्याच घाणीवर आपली गुलाबी मेजवानी चालली आहे. दुसरं म्हणजे तिवरं, खाडीकाठची खारफुटी. आपल्याला शाळेपासून शिकवलं की तिवरं वाढली म्हणजे चांगलं, आणि तोडण्याच्या बाबतीत ते बरोबरच आहे, २०१८ ला हायकोर्टाने तिवरं तोडायला बंदी घातली आणि भोवती ५० मीटरची पट्टी राखायला सांगितली ते उत्तमच झालं. पण काका म्हणतात गाळ एवढा साठला की चिखलाच्या मोकळ्या जागेवर तिवरं चढत चालली आहेत, आमचे होडी न्यायचे आड, म्हणजे पाण्याच्या वाटा, बुजले, बायका चिखलात उतरून निवट्या (चिखलातले छोटे मासे), चिंबोऱ्या काढायच्या ती जागा गेली. आणि हाच मोकळा चिखल फ्लेमिंगोला पण लागतो! म्हणजे कोळणी आणि फ्लेमिंगो एका बाजूला आणि वाढणारी तिवरं दुसऱ्या बाजूला असा सामना आहे, जो आपल्या कुठल्याच पोस्टरवर नाही.

आता यातून लगेच तिवरं तोडा असं कोणी म्हणू नका प्लीज, बिल्डर लोक टपलेलेच आहेत असल्या वाक्यावर. मी सांगतेय एवढंच की काय मोजायचं हे ठरवताना दुर्बीणवाल्याला आणि जाळंवाल्याला दोघांना विचारा. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणाऱ्याला ओहोटीला पाणी कुठपर्यंत जातं ते दर पंधरवड्याला दिसतं. त्याच्या नोंदी वहीत आल्या असत्या तर गाळ कधीपासून वाढला, कुठल्या कामानंतर वाढला, हे आज सांगता आलं असतं. आता सांगायला कोणी गेलं तर पुरावा काय विचारतात.

बिबट्याच्या बाबतीत हे थोडंफार जमलेलं आहे म्हणून सांगते. २००४ च्या आसपास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या (एसजीएनपी) कडेला बिबट्याचे हल्ले खूप झाले, माणसं गेली, वातावरण भयंकर होतं. पकडून दुसरीकडे सोडायची पद्धत होती, आणि वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून दिसलं की त्याने प्रश्न उलट वाढतो. मग २०११ मध्ये वनविभागाने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' सुरू केलं, त्यात वनखातं, संशोधक, पोलीस, पत्रकार, पाड्यांवरची माणसं, सोसायट्या सगळे आले. हे सगळे एकमेकांचे लाडके होते असं काही नाही. पण कॅमेरे लावले, ठिपक्यांवरून एकेक बिबट्या वेगळा ओळखला, २०१५ च्या मोजणीत ३५ वेगवेगळे बिबटे निघाले, आणि त्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा चांगला वाटा निघाला. कुत्रे कशावर, तर आपल्या कचऱ्यावर. म्हणजे बिबट्याचा प्रश्न अर्धा कचराकुंडीचा निघाला, ही गोष्ट भाषण करून कोणाला पटली नसती, मोजलं म्हणून पटली. २०१९ च्या फेब्रुवारीत बिबट्या ठाण्यात मॉलमध्ये शिरला तेव्हा लोक मोबाईल घेऊन बाहेर जमले होते, म्हणजे अजून खूप शिकायचंय, पण शेवटी पिंजऱ्यात जिवंत गेला आणि कोणाचा जीव गेला नाही. येऊरच्या वारल्यांना यातलं काहीच नवीन नाही म्हणा, ते वाघोबाला पिढ्यान्‌पिढ्या पुजतात आणि त्याच्या वाटेत झोपत नाहीत.

लोक विचारतात मोजून काय होणार, आपण मोजत बसणार आणि ते भराव घालणार. हा मुद्दा खरा आहे, मी पण कितीदा वैतागून हेच म्हटलंय. नेरूळच्या तलावाचं बघा, तीस एकराचा, शेजारच्या शाळेच्या नावाने डीपीएस तलाव म्हणतात सगळे. खाडीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या, २०२४ च्या उन्हाळ्यात तलाव कोरडा पडत गेला, फ्लेमिंगो मेले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून चाळिसेक फ्लेमिंगो मेले. मोजणारे होते ना तिथे, काय उपयोग झाला? पण पुढचं पण बघा. तिथे वर्षानुवर्षं सकाळी उठून जाणारी माणसं होती, त्यांच्याकडे तारखांसकट फोटो होते, पाणी कधी होतं कधी नव्हतं ते होतं, म्हणून 'इथे पक्षी येतच नव्हते' हे कोणाला म्हणता आलं नाही. २०२५ मध्ये तो तलाव संवर्धन राखीव, म्हणजे कायद्याने संरक्षित जागा, करायचा निर्णय झाला. उशीर झाला, पक्षी मेले ते मेलेच, आणि पुढे पाण्याच्या वाटा मोकळ्या राहतायत का ते पण मोजत राहावं लागणार आहे. पण ज्या पाणथळीची कोणाकडे एक ओळ लिहिलेली नाही ती कधी बुजली हे सुद्धा कोणाला कळत नाही, अशा किती गेल्या असतील घणसोलीपासून उरणपर्यंत.

मला विचाराल तर प्रत्येक प्रभागात वर्षातून चार रविवार द्या, ऋतूप्रमाणे, तेच ठिकाण, तीच वेळ, तीच माणसं. महापालिकेच्या समितीने नुसती वही आणि चहा द्यावा, भाषण नको. माहिती सांगणाऱ्या मावशींना, काकांना त्या दिवसाची मजुरी द्या, हे मी फार जोर देऊन सांगते, सल्लागाराला फी देतो तर यांना का नाही, त्यांचा बाजाराचा दिवस बुडतो. आणि त्यांनी सांगितलेली एखादी जागा गुप्त ठेवायची असेल तर ठेवू द्या, नाहीतर शेवळाची जागा नकाशावर आली की पुढच्या शनिवारी तिथे ट्रेकिंगचा ग्रुप आणि रीलवाले हजर. नाव मात्र लिहा, त्यांची हरकत नसेल तर, तो रकाना रिकामा ठेवू नका.

आम्ही खाडीवर तीनदा हे करून बघितलं, अगदी छोटं, आठ-नऊ जण, सोसायटीतले पाच आणि काका आणि त्यांच्या घरच्या. तिसऱ्या वेळी निवट्यांचा रकाना आला. अ‍ॅपमध्ये आकडा टाकायचा असतो, मी काकूंना विचारलं किती कमी झाल्या म्हणायचं, अर्ध्या, पाव? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "आधी एका ओहोटीला डबा भरायचा. आता वाटी." मी म्हटलं वाटी अ‍ॅपमध्ये बसत नाही हो काकू. आमचे गणिताचे आजोबा पण आले होते त्या दिवशी, ते म्हणाले वाटी कुठली, आमटीची का भाताची, ते विचार आधी. मग काकूंनी घरातून वाटी आणली, डबा पण आणला, आणि आजोबा तिथेच बांधावर बसून मग्याने पाणी ओतून मापत बसले.